एक आणि अडीच

जॅझमध्ये पियानोवाल्याच्या एका कामाला 'कंपिंग' म्हणतात. त्याच्या नोकरीतला हा असा भाग आहे की ज्यासाठी कुणी कधी रेकॉर्ड विकत घेत नाही. समोर सॅक्सोफोनवाला किंवा ट्रम्पेटवाला किंवा एखादी गायिका जीव तोडून आपलं म्हणणं मांडत असते आणि मागे पियानोवाला मध्येच एक कॉर्ड टाकतो, गप्प बसतो, परत दोन टाकतो, परत गप्प. हा शब्द 'अकंपनी'वरून आला असं काही म्हणतात, 'कॉम्प्लिमेंट'वरून असं काही. मराठीत 'संगत' म्हणून मोकळं होता येईल, पण संगत म्हटल्यावर आपल्या डोक्यात जे येतं ते हे नव्हे. आणि सगळी गंमत (आणि गेल्या दीड वर्षातला माझा जवळजवळ प्रत्येक शनिवार) तिथेच आहे.

मी मूळचा पेटीवाला. मिरजेचा असल्यामुळे लहानपणी क्लासला घालणं हे मुंज करण्याइतकंच आपोआप झालं. मध्यमा प्रथमपर्यंत परीक्षा दिल्या, मग बारावी, मग सीईटी, मग इंजिनिअरिंग, मग हिंजवडी. पुढची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. पेटी माळ्यावर गेली आणि तिच्या जागी दोन मॉनिटर आले.

पेटीची संगत म्हणजे काय, हे ज्यांनी मैफिली ऐकल्यात त्यांना सांगायला नको. गवई जिथे जाईल तिथे पेटीने अर्धा श्वास मागून जायचं. सावलीसारखं. त्याने तान घेतली की त्या तानेचा माग काढायचा, तो थांबला की त्याने सोडलेला स्वर धरून ठेवायचा, म्हणजे पोकळी राहत नाही. अप्पा जळगावकरांची रेकॉर्डिंग्ज ऐका. समोरच्याच्या मनात काय आहे ते त्यांना त्याच्याआधी कळत असावं अशी शंका येते. आणि तरी ते त्याच्या पुढे कधी जात नाहीत. (या वाद्यावर आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली होती आणि ती १९७१ मध्ये, तीही काही अंशीच, उठली. संगतकार बिचारा आधीच मागे बसलेला, त्यात वाद्यच हद्दपार. असो.)

कंपिंगमध्ये यातलं काहीही चालत नाही. सोलो वाजवणाऱ्याची चाल तुम्ही वाजवायची नाही. तिचा माग काढायचा नाही. पोकळी राहिली तर खुशाल राहू द्यायची. म्हणजे मिरजेत सात-आठ वर्षं जे बोटांत भरवलं, ते सगळं दाराबाहेर चपलांसारखं काढून आत यायचं.

तर हे सगळं ज्यांच्यामुळे सुरू झालं ते आमच्या सोसायटीतल्या बी विंगमधले अंकल. वय ७६. मूळचे गोव्याचे, सासष्टीतले. लहानपणी चर्चच्या शाळेत मेस्त्रीकडे सोल्फेज आणि व्हायोलिन शिकले, विशीत मुंबईला आले आणि टेनर सॅक्सोफोन घेऊन हॉटेलांत, लग्नांत, डान्सच्या रात्रींत वाजवत राहिले. गोव्यातल्या मुलांची ही ठरलेली वाट होती. तिकडच्या पॅरिश शाळांमध्ये नोटेशन वाचायला शिकवायचे आणि मुंबईला वाचता येणारे वादक हवे असायचे. हॉटेलांना हवे, आणि सिनेमाला तर हवेच हवे. चिक चॉकलेट हे नाव ऐकलंय? खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेटवाला, गोव्याचा. आपल्या सी. रामचंद्रांनी 'अलबेला'ला (१९५१) जो रंग दिला त्यात या माणसाच्या फुंकेचा वाटा आहे. आणि त्याच्याही आधी, १९३० च्या दशकात, ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफोर्ड नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन पियानोवादक बँड चालवत होता. त्याचा शेवट १९४५ साली कलकत्त्यात झाला. म्हणजे शिकागोची ही कला आपल्याकडे यूट्यूबच्या बरीच आधी, बोटीने आलेली आहे.

अंकलच्या नशिबात मात्र पुढे डिस्को आला. हॉटेलांना जिवंत बँड महाग वाटू लागले, तेव्हा त्यांनी पुण्यात एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये नोकरी धरली आणि रिटायर होईपर्यंत केली. सॅक्सोफोन घरी वाजत राहिला. अलीकडे एका ॲपबरोबर. ॲपमध्ये गाण्याचं नाव टाकलं की पियानो, बेस आणि ड्रम्स आपोआप वाजतात, टेम्पो बदलता येतो, पट्टी बदलता येते. मी त्यांचा वायफाय दुरुस्त करायला गेलो होतो (आयटीवाला म्हटल्यावर सोसायटीत दुसरं काय काम असतं), तेव्हा ते वाजवत होते. मी पेटी वाजवायचो हे कळल्यावर त्यांनी मला त्यांच्या लेकीच्या जुन्या डिजिटल पियानोसमोर बसवलं आणि म्हणाले, "हे ॲप कधी चुकत नाय, पुता. आणि कधी ऐकत पण नाय."

मला हे वाक्य फार लागलं. दिवसभर मी जे लिहितो ते बरोब्बर याच जातीचं असतं.

शिक्षणाची सुरुवात दोन स्वरांपासून झाली. अक्षरशः दोन. कॉर्ड म्हटलं की आपण चार बोटं पसरतो. अंकल म्हणाले, दोनच. तिसरा आणि सातवा. बाकीचे ठेवून दे.

हे जरा सांगतो, कारण ज्याला सारेगम येतं त्याला हे पाच मिनिटांत कळेल आणि कळल्यावर मजा येईल. पांढरी एकचा सा धरा. जॅझमधला सगळ्यात घासून गुळगुळीत झालेला प्रवास तीन कॉर्ड्सचा आहे: रे वरची मायनर, प वरची सेव्हन, आणि मग घरी, सा वरची मेजर. पहिलीत स्वर येतात रे म ध सा. दुसरीत प नी रे म. तिसरीत सा ग प नी. आता प्रत्येकीतला फक्त तिसरा आणि सातवा स्वर ठेवा. पहिलीत उरतात म आणि सा. दुसरीत म आणि नी. तिसरीत ग आणि नी. बघा काय झालं: म जागेवरच बसला आणि सा अर्धा पाऊल खाली, नी वर उतरला. मग नी जागेवर बसला आणि म अर्धा पाऊल खाली, ग वर. एका वेळी एकच बोट हलतं आणि तेही शेजारच्याच पट्टीवर. तरीही ऐकणाऱ्याला तीन खोल्यांतून फिरून आल्यासारखं वाटतं! मूळ स्वर बेसवाला वाजवतोच, प ला तसंही फारसं मत नसतं. उरलेल्या या दोन स्वरांवर कॉर्डचं सगळं चारित्र्य उभं आहे. इतका कमी डेटा आणि इतकी माहिती असं कॉम्प्रेशन मी अजून दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पहिले दोन महिने हे दोन स्वर, बाराही पट्ट्यांत. बाराही का, तर टेनर सॅक्सोफोन हे ट्रान्सपोझिंग वाद्य आहे. अंकलच्या कागदावर सा म्हणून जो लिहिलेला असतो तो त्यांनी फुंकला की बाहेर येतो काळी पाच. म्हणजे ते "सी" म्हणतात तेव्हा मी "बी फ्लॅट" ऐकायचं. त्यामुळे फुंकवाद्यांची आवडती पट्टी नेहमी काळ्यांच्या गर्दीत असते, आणि पियानोवाला गुपचूप जुळवून घेतो. पेटीवाल्यांना याचं फार नवल वाटू नये. गवयाने "आज काळी चार" म्हटलं की आपण तरी काय करतो?

मग आली लय, आणि लेखाचं नाव.

एका बारमध्ये चार मात्रा. कंपिंगचा पहिला धडा म्हणजे चार्लस्टन नावाची ठेवण: एक कॉर्ड पहिल्या मात्रेवर आणि दुसरी अडीचव्या मात्रेवर. एक... अडीच. एक... अडीच. इंग्रजीत याला 'अँड ऑफ टू' असं काहीतरी लांबलचक म्हणतात. आपल्याकडे अडीच हा शब्द तयारच आहे. पन्नासच्या दशकात माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये रेड गारलंड पियानोवर असायचा, त्याचा डावा हात पुष्कळदा अडीच आणि साडेचारवर पडतो. म्हणजे बारच्या सुरुवातीला काहीच नाही, आणि पुढच्या बारची कॉर्ड साडेचारलाच हजर, लोकलच्या दारात स्टेशन यायच्या आधीच येऊन उभ्या राहणाऱ्या माणसासारखी. त्याने गाडी पुढे ओढली जाते.

आता यातली खरी अडचण. स्विंगमध्ये अडीच म्हणजे अडीच नसते. मात्रेचे तीन भाग करून शेवटच्या भागावर ती पडते, म्हणजे हिशोबाने पावणेतीनला थोडी कमी. आणि तेही नक्की नाही. गाणं जलद झालं की ती परत अडीचकडे सरकते, संथ झालं की पावणेतीनकडे. अंकलना मी हे अपूर्णांकात समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि काउंट बेसीची रेकॉर्ड लावली. बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन नावाचा गिटारवाला होता. १९३७ मध्ये आला आणि १९८७ मध्ये मरेपर्यंत राहिला. अर्धं शतक हा माणूस चार मात्रांना चार ठोके वाजवत होता, सोलो जवळजवळ घेतलाच नाही. बँडमधल्या सगळ्यांचं घड्याळ म्हणजे तो. आणि बेसी स्वतः पियानोवर, त्याच्यावर विसंबून, कधीतरी टिंग करून एक स्वर टाकायचा. बस. ऐकताना वाटतं हा माणूस पगार कशाचा घेतो? मग तो टिंग काढून टाकून मनातल्या मनात ऐकून पहा.

सरावाचं साधनही अंकलकडचंच. जेमी एबरसोल्ड या अमेरिकन शिक्षकाने १९६७ पासून वाजवण्याबरोबर वाजवायच्या रेकॉर्ड्स काढल्या, त्यात एका कानात बेस आणि ड्रम्स, दुसऱ्या कानात पियानो आणि ड्रम्स. बॅलन्सचं बटण एका बाजूला फिरवलं की पियानोवाला गायब आणि त्याची खुर्ची तुम्हाला मोकळी. अंकलकडे याच्या कॅसेटी आहेत. ॲपमध्येही पियानो बंद करता येतो, पण बटण फिरवून एका माणसाला खोलीबाहेर काढण्यात जे समाधान आहे ते वेगळंच :-)

ऐकण्यासाठी मी एक गोष्ट मात्र सगळ्यांना सुचवीन, जॅझ आवडत नसलं तरी. 'बॅग्ज ग्रूव्ह', २४ डिसेंबर १९५४. रूडी व्हॅन गेल्डर नावाचा माणूस न्यू जर्सीत हॅकेन्सॅकला आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा, तिथलं. पहिला टेक अकरा मिनिटांचा आहे. ट्रम्पेटवर माइल्स डेव्हिस, व्हायब्राफोनवर मिल्ट जॅक्सन, पियानोवर थेलोनियस मंक. माइल्सने मंकला सांगून ठेवलं होतं की मी सोलो घेताना तू वाजवू नकोस. म्हणून माइल्सच्या मागे फक्त बेस आणि ड्रम्स आहेत. मोकळं मैदान, थंडीतली सकाळ. मग जॅक्सन सुरू होतो आणि मंक हळूच आत येतो, तिरप्या, खडबडीत, कुठे पडतील याचा नेम नसलेल्या कॉर्ड्स घेऊन. तेच गाणं, तीच बारा बारची चक्रं, तेच वादक. एकदा पियानोशिवाय, एकदा पियानोसह. याहून स्वच्छ ए/बी टेस्ट आमच्या कंपनीत कधी झालेली नाही. आणि मला विचाराल तर दोन्ही बाजू बरोबर आहेत. माइल्सची लांब, एकटी ओळ मंकच्या कॉर्ड्सखाली गुदमरली असती आणि जॅक्सनला त्याच कॉर्ड्सनी खेळायला खडे पुरवले.

म्हणजे गप्प बसणं हाही कंपिंगचाच भाग. अंकलचा देव सॉनी रोलिन्स. त्याने तर १९५७ मध्ये 'वे आउट वेस्ट' हा अख्खा अल्बम पियानो न घेता केला. १९७८ मध्ये मुंबईत पहिली जॅझ यात्रा झाली तेव्हा तो आला होता आणि अंकल रंगभवनात हजर होते. ज्याला पियानोवाला नको होता त्याचा भक्त मला पियानोवर बसवतो, यातला विनोद आम्हा दोघांनाही कळतो.

पण त्याला कारण आहे.

२०२१ मध्ये अंकलना कोविड झाला. बरे झाले, पण फुप्फुसं पूर्वीसारखी राहिली नाहीत. पूर्वी आठ बारची ओळ एका श्वासात घेणारा माणूस आता दोन बार वाजवतो, फार तर तीन, आणि थांबतो. टेनरला हवा भरपूर लागते, पुंगी नव्हे ती. ॲप अर्थातच थांबत नाही. थांबायला नकोच आहे म्हणा. पण ते त्यांच्या थांबण्याकडे पाहातच नाही. ते वाजवत असताना आणि नसताना मागचा पियानो सारखाच बडबडतो. त्यामुळे त्यांचा श्वास घेतानाचा वेळ हा गाण्यातला वेळ न वाटता गाण्याबाहेर पडल्यासारखा वाटतो. मी गेलो त्या सुमारास ते सॅक्सोफोन भाच्याला देऊन टाकायच्या विचारात होते, हे मला आंटींकडून नंतर कळलं.

आमचा खरा अभ्यास मग इथून सुरू झाला, आणि तो कुठल्या पुस्तकात नव्हता. प्रश्न साधा: ते थांबतात तेव्हा मी काय करायचं?

पेटीवाल्याचं उत्तर तयार होतं. भरून काढ. त्यांचा शेवटचा स्वर धर. ते आम्ही करून पाहिलं आणि दोघांनाही आवडलं नाही, कारण मग दर दोन बारनंतर पियानोची झालर लागते आणि ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटातच कळतं की कुणीतरी कुणालातरी सांभाळून घेतोय. दुसरं उत्तर बेसीचं, काहीच करू नकोस. तेही एका मर्यादेपर्यंत छान, पण शांतता लांबली की ती दम लागल्याची शांतता वाटायला लागते. शेवटी अंकलनीच तोड काढली. त्यांचं म्हणणं असं की जुन्या ब्लूजमध्ये गायक दोन बार गातो आणि दोन बार गिटार उत्तर देते; तिथे कुणाला गायकाची कीव येत नाही. तेव्हा "मी बोललो की तू ऐक, मी श्वास घेतला की तू काहीतरी म्हण. पण दर वेळी नाय. बायको दर वेळी हो म्हणाली तर तू समजून जा की ती ऐकत नाय." आंटी आत होत्या, त्यांनी हे ऐकलं.

मग आम्ही खुणा ठरवत गेलो, न बोलता. सॅक्सोफोनचं तोंड खाली गेलं की वाक्य संपलं, माझी पाळी. तोंड वरच राहिलं की वाक्य अर्धवट आहे, मी गप्प. ते खालच्या सप्तकात घोगरं काही म्हणत असतील तर माझा हात वर सरकतो, कारण टेनरचा आवाज आणि माझ्या कॉर्ड्स मधल्या सा च्या आसपास एकाच दाराने आत शिरायला बघतात. ते वर चढले की मी खाली. आणि हे सगळं अडीचचा हिशोब न सुटता. कंपनीतली माझी वार्षिक मुलाखत यापेक्षा सोपी असते, तिथे समोरचा माणूस निदान काय हवंय ते लिहून देतो.

गेल्या डिसेंबरात त्यांच्या एका मित्राच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस कॅम्पातल्या एका हॉलमध्ये होता. चाळीसेक माणसं, बहुतेक साठीच्या पुढची, जेवणात सोरपोतेल. आम्ही तिघं: अंकल, मी, आणि बेस गिटारवर त्यांचा भाचा (ज्याला सॅक्सोफोन मिळता मिळता राहिला तोच). तीन गाणी ठरली होती, त्यातलं शेवटचं 'टेक द ए ट्रेन', बिली स्ट्रेहॉर्नचं, ड्यूक एलिंग्टनच्या बँडची ओळख बनून गेलेलं. बत्तीस बार, म्हणजे १२८ मात्रांचं आवर्तन. आमच्या लयीत साधारण ५५ सेकंद. आठ-आठ बारचे चार तुकडे, पहिले दोन सारखे, तिसरा वेगळा, चौथा परत पहिल्यासारखा. पांढरी एक. तिसऱ्या बारला तीव्र म येतो आणि ओळखीच्या रस्त्यावर अचानक एक वळण दिसावं तसं होतं.

दोन आवर्तनं मस्त गेली. तिसऱ्यात, दुसरा तुकडा सुरू होताना अंकल थांबले. तोंड वरच होतं. दोन बार गेले, तीन गेले. मी पाहिलं तर ते सॅक्सोफोन धरून, डोळे मिटून, नाकाने सावकाश श्वास घेत होते आणि चेहरा लाल झाला होता. भाच्याने माझ्याकडे पाहिलं.

आता तबल्याचा सोलो ऐकलाय का तुम्ही? तिथे पेटीवाला लेहरा धरतो. एका आवर्तनाची साधी धून, तीच ती, तासभर. तिच्यात कला नसते, असायची नसते. तबलजी कितीही लांब भटकला तरी परत यायचं तेव्हा सम कुठे आहे हे त्याला ऐकू यावं, एवढंच तिचं काम. ती भिंतीवरच्या घड्याळासारखी असते, कुणी पाहत नसलं तरी चालणारी. मिरजेत हे मला सगळ्यात कंटाळवाणं वाटायचं.

त्या आठ बारांत मी ते केलं. चाल वाजवली नाही, सजावट केली नाही, आवाज वाढवला नाही. दोन स्वर, एक आणि अडीच, कॉर्ड बदलेल तिथे बदलून. तीव्र म चं वळण जरा स्पष्ट दाखवलं, म्हणजे डोळे मिटलेल्या माणसालाही आपण कुठे आहोत ते कळावं. भाच्याने लय घट्ट धरली. सातव्या बारला मी थोडा कमी झालो, आठव्याला साडेचारवर पुढच्या तुकड्याची कॉर्ड टाकली, आणि तिच्या पाठोपाठ अंकल तिसऱ्या तुकड्याच्या पहिल्या मात्रेवर असे काही उतरले की पुढच्या टेबलावरचे एक आजोबा "येस!" म्हणून ओरडले.

लोकांना तो पियानोचा सोलो वाटला. टाळ्या पडल्या. अंकलनी मान वळवून माझ्याकडे हात केला, मीही सोलो घेतल्यासारखा वाकलो. दुसरं काय करणार?

घरी येताना रिक्षात ते बराच वेळ बोलले नाहीत. मग आंटींनी विचारलं, थांबलात का? तर म्हणाले, मी कुठे थांबलो, आम्ही वाजवतच होतो. आंटींनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर ईस्ट स्ट्रीटवरचे दिवे बघत होतो.

जानेवारीपासून त्यांनी 'बॉडी अँड सोल' काढलंय. १९३० चं गाणं, पण टेनरवाल्यांसाठी ते कोलमन हॉकिन्सचं १९३९ चं. हॉकिन्सने ज्या पट्टीत वाजवलं त्याच पट्टीत हवं, तिथे तडजोड नाही. पट्टी काळी एक. मधला तुकडा पांढरी दोनमध्ये जातो, तिथून चार बारांनी पांढरी एकमध्ये, आणि मग काहीच झालं नाही अशा थाटात परत काळी एकवर. आणि लय इतकी संथ की दोन कॉर्ड्सच्या मध्ये चहा होईल. अंकलच्या मते हे त्यांच्यासाठी सोपं आहे, कारण संथ गाण्यात श्वासाला जागा पुष्कळ. माझ्यासाठी कसं आहे ते त्यांनी विचारलेलं नाही. सध्या डावा हात पांढरी दोनवर पोचतो, उजवा थोडा उशिरा येतो. उद्या रविवार आहे, सकाळी अकराला बोलावलंय.